कंपनीचा चाकू की हाताने घडवलेला: कोणाकडून किती सफाईची अपेक्षा धरावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलकडे संत्र्याची बाग, राहणं नागपुरात. साडेतीन हजारांचा कंपनीचा घडीचा चाकू घेतला, लायनर लॉकचा, म्हणजे मुठीतली धातूची पट्टी उघडलेल्या पात्याला मागून अडवते असा. बंद केल्यावर पातं मधोमध न बसता एका अंगाला झुकतं. उघडल्यावर टोकाशी किंचित हलतं. धारेचा पट्टा एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद दिसतो. एक कारागीर पंधरा हजारांत हाताने घडवून देतो म्हणतो, १०९५ पोलाद आणि सागवानी मूठ. एवढे पैसे मोजल्यावर यातला एकही दोष राहणार नाही ना?

राहू शकतो. मोजमापातला नेमकेपणा हा तुमचा निकष असेल, तर मधल्या किमतीचा कंपनीचा चाकू बहुतेक वेळा हाताच्या कामाच्या पुढेच असतो. हाताने घडवून घेताना पैसे जातात ते पात्याचा घाट, जाडी, पोलाद, मुठीची लांबी अशा सगळ्या गोष्टी तुमच्या कामाला बेतून मिळण्यासाठी. निर्दोषपणा विकत घ्यायचा म्हणून कारागिराकडे गेलात तर निराश व्हाल, आणि त्याच्यावरही अन्याय होईल.

कंपनीत एकाच जिगवर (काम जागच्या जागी धरणारा साचा), एकाच रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) हजारो पात्यांना भोक पडतं. भट्टीचं तापमान ठरलेलं असतं, अख्ख्या घाण्याला सारखी उष्णता मिळते. त्यामुळे भोकाचा व्यास, पात्याची जाडी, पोलादाचा कठीणपणा या गोष्टी स्वस्त चाकूतही सहसा ठीक असतात. काटछाट होते ती शेवटच्या टप्प्यात, म्हणजे जोडणी करणाऱ्या आणि पट्ट्यावर धार लावणाऱ्या माणसाच्या वेळेत. तुमचे तिन्ही दोष नेमके तिथलेच आहेत. पातं झुकणं आणि हलणं हा पिव्हटचा, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळीचा, स्क्रू किती आवळला याचा प्रश्न आहे. धारेचा पट्टा कमी-जास्त होणं हा हातात धरून काही सेकंदांत धार काढल्याचा परिणाम. म्हणजे चाकू वाईट नाही, त्याच्यावरचा शेवटचा अर्धा तास कोणीतरी वाचवलाय. तो अर्धा तास तुम्ही घरी घालू शकता.

हलण्याचा हिशेब आधी बघा, म्हणजे घाबरायला होणार नाही. पिव्हटवरचे वॉशर साधारण १० मिलिमीटर व्यासाचे धरा आणि त्यांच्यात ०.०३ मिलिमीटर मोकळीक धरा, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पात्याचं टोक पिव्हटपासून ८५ मिलिमीटरवर असेल तर तिथे तीच मोकळीक पाव मिलिमीटर होऊन दिसते. बोटांनी टोक धरून हलवलं की एवढं सहज जाणवतं. अडकित्त्याचं रिव्हेट किंचित सैल झालं की दोन पाती एकमेकांवरून कशी लचकतात ते आठवा, तोच प्रकार.

दुरुस्ती अशी. पिव्हटच्या स्क्रूला बहुधा टी-८ आणि मुठीच्या छोट्या स्क्रूंना टी-६ बिट लागतो (दोन्ही टॉर्क्स, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे). बिट चांगल्या पोलादाचाच घ्या. स्वस्त बिटने टी-६ची खाच एकदा घासली की स्क्रू निघत नाही. कंपनीने स्क्रूला लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावलेलं असतं, म्हणून सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा आणि मगच फिरवा. एका बाजूने फिरवल्यावर अख्खा पिव्हट गोल फिरत असेल तर दुसऱ्या बाजूने दुसरा बिट लावून धरा. स्क्रू बाहेर काढा, आटे स्पिरिटने पुसा, पुन्हा बसवा आणि पातं घट्ट होईपर्यंत आवळा. मग स्क्रू एक अष्टमांश फेरा मागे घ्या, टोक हलवून बघा, पुन्हा थोडं पुढे किंवा मागे. पाव फेरासुद्धा इथे फार होतो. जागा सापडली की खूण करा, स्क्रू काढून आट्यांवर टूथपिकने लॉकटाइट २४३चा एक बारीक थेंब लावा, खुणेवर आणून सोडा आणि चोवीस तास चाकू उघडू नका. हा थेंब वॉशरवर गेला तर पातं चिकटून बसेल आणि सगळं पुन्हा खोलावं लागेल.

पातं मध्यभागी यायला मात्र मर्यादा आहे. लायनर लॉकमध्ये लॉकची पट्टी पात्याला सतत एका बाजूने रेटत असते, त्यामुळे थोडा कल हा या रचनेचा स्वभावच आहे. पातं आतल्या पट्टीला घासत नाही तोवर तो दोष धरू नका. घासतं का हे डोळ्यांनी कळत नाही. पात्याच्या दोन्ही अंगांना मार्करची शाई लावा, वीस वेळा उघडझाप करा, शाई कुठे पुसली गेली ते बघा.

लॉकच्या बाबतीत मात्र सवलत नाही, चाकू दीड हजाराचा असो की पन्नास हजारांचा. पातं उघडून बाजूला हलवू नका, वर-खाली हलवा, म्हणजे पाठीकडून धारेकडे. इथे हालचाल जाणवली तर पिव्हट आवळून ती जात नाही. लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला नीट टेकत नाही असा त्याचा अर्थ, आणि असा चाकू परत करायचा. पट्टीने बुडाच्या रुंदीचा साधारण पाव ते अर्धा भाग व्यापलेला असावा. नवा असतानाच ती पलीकडच्या टोकाला पोचली असेल तर झीज व्हायला जागाच उरली नाही. पाठीवर काठीने ठोकून लॉक तपासणारे बरेच आहेत, तसं करू नका. त्याने चांगलं लॉकही बिघडतं. हातात चामडी हातमोजा घाला, बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरा, पाठ लाकडी फळीवर टेकवून हळूहळू दाब वाढवा. सरकलं तर तिथेच निकाल लागला.

लायनर लॉकला आजचं रूप दिलं ते मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे आज हजारांनी निघणारी ही रचना हाताने काम करणाऱ्या माणसाच्या बाकावर तयार झाली. तरीही हाताने करायला ती कठीण आहे. बुडाचा टेकणारा भाग सात-आठ अंशांच्या उतारावर कापावा लागतो. अर्ध्या अंशाची चूक झाली तरी लॉक एक तर घसरतं किंवा चिकटतं. म्हणून एखाद्याच्या हातचा पहिलाच चाकू घेत असाल तर त्याला लायनर लॉक करायला लावू नका. बागेच्या आणि खिशाच्या कामाला पाठीमागे स्प्रिंग असलेला, बिनलॉकचा घडीचा चाकू पुरतो. पातं, स्प्रिंग आणि मूठ, एवढाच त्याचा पसारा.

त्या पसाऱ्यातही कारागिराची परीक्षा होते. पातं पूर्ण उघडं, अर्धं उघडं आणि बंद, अशा स्थितींत स्प्रिंगच्या पाठीवरून नख फिरवा. उत्तम कामात नख कुठेच अडत नाही. अर्ध्या उघड्या स्थितीत किंचित अडलं तर चालतं, पण उघड्या किंवा बंद स्थितीत स्प्रिंग लायनरच्या, म्हणजे मुठीच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांच्या, वर स्पष्ट उभी राहिली तर पात्याच्या बुडाचं घासकाम अर्धवट आहे. मग चाकू खिडकीसमोर धरा आणि स्प्रिंग व लायनर यांच्यामधून उजेड दिसतो का ते बघा. कंपनीच्या स्वस्त चाकूत बारीक रेघ दिसली तर सोडून द्या. पंधरा हजारांत ती दिसू नये, कारण इथे यंत्र लागत नाही, धीर लागतो.

आता पोलाद. पंधरा हजारांचा खरा धोका इथे आहे, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही. १०९५ म्हणजे जवळपास एक टक्का कार्बन असलेलं साधं पोलाद. ऐकायला सोपं, पण पाणी द्यायला, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण करायला, हट्टी. त्याला ८०० अंशांच्या आसपास तापवून साधारण एका सेकंदाच्या आत ५५० अंशांच्या खाली आणावं लागतं. त्यासाठी पातळ, वेगाने उष्णता ओढणारं क्वेंचिंग ऑइल लागतं. गाडीच्या इंजिनातलं जुनं तेल यासाठी फार संथ पडतं. त्यात बुडवलेलं १०९५चं पातं वरून काळंभोर आणि झकास दिसतं, पण आत अर्धवट कठीण राहतं. दुसरी चूक उलट्या दिशेची. चुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं तापवायचं, हा अंदाज बरोबर आहे. पण कोळशाच्या भट्टीत लाल-पिवळं होईपर्यंत ठेवलं तर पोलादाचे कण मोठे होतात आणि धार तुकड्यातुकड्याने झडते. पाणी दिल्यावर लगेच २०० अंशांच्या आसपास दोनदा, प्रत्येक वेळी दोन तास तापवून ताण काढावा लागतो, यालाच टेंपरिंग म्हणतात. ही पायरी कोणी उरकून घेतली की चाकू पहिल्या महिन्यातच टोकाला तुटतो.

म्हणून कारागिराला चार गोष्टी विचारा. पोलाद कोणतं आणि विकत आणलेलं आहे की कमानपाट्यातून किंवा जुन्या करवतीतून काढलेलं? पाणी कोण देतं, कशात देतं? टेंपरिंग किती अंशांवर, किती वेळा? आणि माझ्या पात्याचा कठीणपणा किती एचआरसी (रॉकवेल मापावरचा आकडा) आहे? शेवटचा आकडा तुमच्याच पात्याचा हवा, ‘साधारण साठ असतो’ हे उत्तर नव्हे. रॉकवेल टेस्टर प्रत्येक कारागिराकडे नसतो, पण हिंगणा एमआयडीसीसारख्या ठिकाणी डाय आणि साच्यांच्या कामाला तो लागतोच. जोडणीच्या आधी बुडाच्या लपणाऱ्या भागावर मोजून घेतलं की ठिपका दिसतही नाही. पाती लेझरवर कापून आणली, हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतली, तर ती फसवणूक समजू नका. उलट डी-२ (हत्यारांसाठीचं मिश्र पोलाद) किंवा स्टेनलेस पोलादाला हजार अंशांच्या वर, मोजलेल्या तापमानावर ठराविक वेळ ठेवावं लागतं. ते कोळशाच्या भट्टीत केलं असं कोणी सांगितलं तर तिथून निघा. सगळं हाताने केलं असं सांगून बाहेरून आणणं, ही फसवणूक.

तुलनेला एक आकडा लक्षात ठेवा. व्हिक्टोरिनॉक्स ही स्विस चाकू कंपनी आपल्या पात्यांचा कठीणपणा ५६ एचआरसी सांगते आणि स्प्रिंगचा ४९. म्हणजे पातं मऊसर, पण दरवेळी तसंच, आणि स्प्रिंग मुद्दाम त्याहून मऊ, कारण फार कठीण स्प्रिंग तडकते. हाताच्या चाकूत ५८ ते ६० मिळत असेल तर धार जास्त टिकेल. पण ज्याचा आकडाच माहीत नाही अशा पात्यापेक्षा भरवशाचं ५६ मला केव्हाही जास्त पटतं.

घरी करता येणारी एक परीक्षा आहे. सहा मिलिमीटर जाडीची पितळी कांब टेबलावर आडवी ठेवा. पातं धार लावताना धरतो त्या कोनात तिच्यावर टेकवा आणि हलका दाब द्या. दिव्याखाली धार किंचित वाकताना दिसेल. दाब काढल्यावर सरळ झाली तर पाणी बरोबर दिलंय. वाकलेलीच राहिली तर मऊ, कणी उडाली तर जास्त कठीण. धार पातळ असेल तरच ही परीक्षा खरी उतरते.

पातळ धारेचंही बोलायला हवं, कारण कापण्यातला फरक पोलादापेक्षा तिथून जास्त पडतो. धार सुरू होते त्याच्या लगेच वर पातं किती जाडं आहे ते मायक्रोमीटरने मोजा. कंपनीच्या खिशातल्या चाकूंत ते बऱ्याचदा अर्धा मिलिमीटर किंवा जास्त असतं. कोणी त्याने डबा उघडेल, कोणी वायर सोलेल, तरी कणी उडून परत येऊ नये म्हणून. असा चाकू गाजर कापत नाही, फोडतो. शेवटचा सेंटिमीटरभर भाग कट्‌कन तुटतो. ०.२५ मिलिमीटरचं पातं गाजरातून आवाज न करता जातं आणि संत्र्याची साल आतल्या फोडीला न दुखवता उतरवतं. पंधरा हजार मोजायला हेच एक कारण मला पुरेसं वाटतं. तुमच्या कंपनीच्या चाकूच्या धारेबद्दल लगेच मत बनवू नका. वेगवान पट्ट्यावर काढलेली धार टोकाशी तापून मऊ होते. सहाणेवर दोन-तीन वेळा घासून तो भाग निघून गेला की आतलं चांगलं पोलाद वर येतं. रुंद-अरुंद पट्टाही दोन्ही बाजूंना सारखा कोन धरला की हळूहळू जुळतो. कापण्यात त्याने तसाही फरक पडत नव्हता.

पण १०९५ आणि संत्रा यांचं जमणार नाही. सायट्रिक आम्लाने साधं कार्बन पोलाद काही मिनिटांत निळं-काळं पडतं आणि पहिल्या काही दिवसांत फोडीला लोखंडाची चव येते. काळपट थर एकसारखा बसला की चव जाते आणि पातंही थोडं सुरक्षित होतं. मात्र रस पिव्हटमध्ये उतरला आणि तसाच राहिला तर तिथे लाल गंज धरतो. रोज पुसून ठेवायची सवय असेल तर १०९५ घ्या. नसेल तर १४सी२८एन किंवा १२सी२७ स्टेनलेस मागा. डी-२ला गंज धरत नाही असं सांगतात, ते पूर्ण खरं नाही. आम्लाने त्यावर बारीक खड्डे पडतात. दमास्कसच्या नक्षीचा आग्रह धरू नका. कोणत्या दोन पोलादांचे थर आहेत हे जो सांगू शकत नाही, त्याची नक्षी ही फक्त नक्षी.

मुठीकडे नागपूरच्या हवेच्या हिशेबाने बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, हवा कोरडी ठक्क. जुलैत तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूची बीच लाकडाची मूठ वापरणाऱ्यांना हे माहीत आहे. पावसाळ्यात मूठ पात्याला अशी आवळते की ते नखाने निघत नाही. मग मुठीचं बूड टेबलावर ठोकून पातं थोडं बाहेर काढावं लागतं. सागवान त्यामानाने कमी हलतं, पण हलतं. उन्हाळ्यात धातू आणि लाकूड यांच्या सांध्यावर बोटाला जाणवेल एवढी पायरी आली तर तो कारागिराचा दोष नाही. ती पावसाळ्यात भरून येते. सांध्यातून एपॉक्सीची पांढरी रेघ दिसणं, पिनेभोवती तडा जाणं, मूठ दाबल्यावर करकर वाजणं हे मात्र दोषच. तडा जाण्याचं कारण बहुधा ओलं लाकूड. दोन वर्षं तरी सुकलेला तुकडा आहे का ते विचारा. नाहीतर मायकार्टा किंवा जी-१० (कापड किंवा काचेचे तंतू राळेत दाबून केलेले पत्रे) घ्या. ते दिसायला साधं, पण ऋतू बदलले तरी जागचं हलत नाही.

तेलातही लोक चुकतात. खोबरेल तेल पिव्हटला घालू नका. चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं आणि डिसेंबरात इथे सकाळी चाकू उघडत नाही. जवसाचं तेल लाकडाला उत्तम, पिव्हटला घातक. ते वाळून वार्निशसारखं घट्ट होतं. पिव्हटला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि खाण्याच्या वस्तू कापत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन.

हाताच्या कामात काय माफ करायचं तेही स्पष्ट हवं. पात्याच्या दोन बाजूंचा उतार जिथे सुरू होतो त्या रेघा अर्ध्या मिलिमीटरने मागे-पुढे असणं, लायनरच्या आतल्या बाजूला कानशीचे ओरखडे राहणं, दोन पिना अगदी एका व्यासाच्या न दिसणं, एवढं स्वीकारा. साध्या एका पात्याच्या चाकूलाही वीस तास सहज लागतात. पंधरा हजारांतून पोलाद, हीट ट्रीटमेंट, सँडिंगचे पट्टे आणि वीज वजा केली की तासाला पाचशे-सहाशे रुपये उरतात, तेही एकही पातं वाया गेलं नाही तर. आरशासारखी सफाई हवी असेल तर ती वेगळी ठरवा आणि तिचे पैसे वेगळे द्या. हलणारं पातं, सैल स्प्रिंग, बंद केल्यावर बाहेर डोकावणारं टोक, मऊ धार, यांना मात्र ‘हाताचं काम आहे’ हे उत्तर चालत नाही. हे दुरुस्त करून देण्याची मुदत आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांनुसार पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर परवान्याचा प्रश्न येतो. त्यातूनही घरगुती आणि शेतीची अवजारं वगळलेली आहेत. तुमचा चाकू त्यात कुठेच बसत नाही. पण निवडणूक किंवा सणासुदीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. तेव्हा चाकू खिशात घालून सीताबर्डीत फिरू नका, बागेतच ठेवा. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही.

आता तुमच्यापुरतं. आहे तो चाकू परत करू नका, वर-खाली हलत नसेल तर. वर सांगितल्याप्रमाणे पिव्हट लावा, धार काढा आणि एक हंगाम वापरा. कुठे जाड वाटतो, मूठ कुठे टोचते हे कळलं की मग कारागिराकडे जा. जंभेरीच्या खुंटावर डोळे बांधायलाही, म्हणजे कलमं करायलाही, हाच वापरायचा विचार असेल तर तो सोडा. त्या कामाला एका बाजूने सपाट धार लागते आणि तो चाकू दुसरं काही कापायला वापरायचा नसतो. बाकी कामासाठी कारागिराला असं लिहून द्या: पातं ७५ मिलिमीटर, पाठीला २ मिलिमीटर, पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतार, धारेच्या वर ०.२५ मिलिमीटर, १४सी२८एन, ५८ ते ६० एचआरसी मोजून, बिनलॉकची स्प्रिंग, ओल्या बोटांनीही पकडता येईल एवढी खोल नखाची खाच, मूठ मायकार्टाची, १०० मिलिमीटर.